करवंदीचें जिवंत कुंपण

पीक काढणें जितकें कठीण, तितकेंच तें राखणें कठीण, ही गोष्ट आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. नांगरट, पेरणी व खुरपणी वेळच्या वेळीं झाली, पाऊसही मनाजोगा पडला, आणि कापणीला आठ दिवस उरले असतां मोकाट गुरांनीं एका रात्रींत शेत तुडविलें, असा प्रसंग ज्याच्यावर आला नाहीं तो शेतकरी विरळा. म्हणून जो तो आपल्या ऐपतीप्रमाणें कुंपणाची सोय पाहतो. कोणी बोरी-बाभळीच्या कांटेरी फांद्या तोडून बांधावर रचतो. असलें कुंपण एक वर्ष कसेंबसें टिकतें. मग वाळवी लागते, उरलेलें सरपण म्हणून चुलींत जातें, आणि पुढच्या वर्षीं तोच खटाटोप पुन्हां करावा लागतो. कोणी तारेचें कुंपण करितो. तें झटपट होतें खरें, परंतु त्याला रोख पैसा लागतो, तार गंजते, आणि खांब कुजतात किंवा चोरीस जातात. फड्या निवडुंग लावावा तर तो बांध सोडून शेतांत शिरतो. घायपात लावावी तर ती जागा पुष्कळ अडविते, आणि फुलोऱ्याचा दांडा वर आला कीं तें झाड मरून कुंपणाला खिंडार पडतें.

या सर्वांहून निराळें, आणि आपल्याच डोंगरांत आपोआप वाढणारें एक झुडूप कुंपणासाठीं हाताशीं असतां तिकडे आपलें लक्ष जावें तितकें जात नाहीं. तें झुडूप म्हणजे करवंदी. डोंगरची काळी मैना म्हणून उन्हाळ्यांत पानांच्या द्रोणांतून विकावयास येणारीं करवंदें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु त्या झुडपाची रीतसर लागवड करणारे शेतकरी थोडे. करवंदीचें कुंपण पैशाच्या मानानें स्वस्त आहे. पण तें तीन वर्षें काळजी मागतें, आणि त्याची छाटणी कोणत्या महिन्यांत करावी हें कळावें लागतें. ही काळजी घेतली तर काय मिळतें व न घेतली तर काय होतें, हे दोन्ही अनुभव आम्हीं घेतले आहेत. ते वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

झुडपाचें वर्णन.—वनस्पतिशास्त्रांत करवंदीला कॅरिसा करंडास असें नांव आहे. संस्कृतांत तिला करमर्द व हिंदींत करौंदा म्हणतात. कण्हेर, तगर, चाफा व सदाफुली ज्या कुळांत येतात त्याच कुळांतील ही आहे, आणि त्या कुळाच्या रीतीप्रमाणें पान तोडलें कीं पांढरा चीक येतो. मात्र कण्हेर विषारी, आणि करवंदीचें फळ खाण्याचें, एवढा दोहोंत भेद आहे. झुडूप बारमाही हिरवें असतें. पानें समोरासमोर, जाड व चकचकीत असतात. पानांच्या बेचक्यांत कडक व पुष्कळदां दुभंगलेले कांटे जोडीनें येतात. मोकळें वाढूं दिलें तर झुडूप साधारणपणें ६ ते १० फूट उंच होतें, व फांद्या एकमेकींत गुंतून दाट जाळी बनते. माघ-फाल्गुनांत फांद्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके येतात. चैत्रांत हिरवीं फळें दिसूं लागतात, आणि वैशाख-ज्येष्ठांत तीं पिकून काळीं होतात.

फुलें फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. छाटणीचा सारा हिशेब तिच्यावर आहे.

पूर्वीचा एक मोठा प्रयोग.—कांटेरी झुडपांच्या जिवंत कुंपणाची परीक्षा आपल्या देशांत एकदां फारच मोठ्या प्रमाणावर झाली आहे. इंग्रजी अमलांत मिठावर कर होता, आणि कर चुकवून मीठ आंत येऊं नये म्हणून सरकारनें उत्तर व मध्य हिंदुस्थानांतून जकातीची एक लांबलचक रेषा आंखली होती. त्या रेषेवर आरंभीं वाळलेल्या कांट्यांचें कुंपण असे. १८६७ सालीं अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे या खात्याचे कमिशनर झाले; पुढें १८८५ सालीं राष्ट्रसभेच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ते हेच. वाळल्या कुंपणाला दर मैलास सुमारें २५० टन सामान लागतें व तें दुरून वाहून आणावें लागतें, असा हिशेब करून त्यांनीं जिवंत कुंपण वाढविण्याकडे लक्ष दिलें. ज्या ठिकाणच्या जमिनीला जें मानवेल तें झाड तेथें लावलें. त्यांत बाभूळ, बोर, निवडुंग व थोर यांच्या जोडीला करवंदीही होती. जेथें कुंपण उत्तम वाढलें तेथें तें १२ फूट उंच व १४ फूट रुंद झालें होतें. पंजाबांतून निघालेलें हें कुंपण आपल्या खानदेशाच्या शेजारीं बऱ्हाणपुरापर्यंत आलें होतें. १८७९ सालीं ती जकातरेषा उठविण्यांत आली, आणि पाहणारें कोणी न राहिल्यामुळें कुंपणही नाहीसें झालें.

तें कुंपण रयतेच्या ताटांतलें मीठ अडविण्यासाठीं होतें, म्हणून त्याचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. तथापि शेतकऱ्यानें त्यापासून दोन धडे घेण्याजोगे आहेत. वाळल्या कुंपणाचा खर्च दर वर्षाचा असतो, आणि जिवंत कुंपणाचा मुख्य खर्च आरंभींचा असतो, हा पहिला. दुसरा असा कीं, वाळवी, उंदीर, वणवे, वादळें आणि वेली यांनीं त्या कुंपणाचें सतत नुकसान होई. राबणारीं माणसें होतीं तोंवरच खिंडारें बुजविलीं गेलीं. कुंपण जिवंत असलें तरी तें लावून विसरून जावयाचें नसतें.

जमीन व हवामान.—करवंदीला हलकी, मुरमाड, खडकाळ किंवा जांभ्याची जमीन चालते. जेथें दुसरें कांहीं धड येत नाहीं अशा टेकडीच्या उतारावरही ती तग धरते. कोंकणांत व घाटमाथ्यावर ती आपोआप उगवते. देशावर कमी पावसाच्या भागांतही एकदां मूळ खोल गेलें म्हणजे पाण्यावांचून उन्हाळा काढते. तिला एकच गोष्ट सोसत नाहीं, ती म्हणजे बुंध्याशीं साचून राहिलेलें पाणी. म्हणून काळ्या, चिकण जमिनींत ती सपाटीवर न लावतां उंच बांधावर लावावी.

रोपें तयार करणें.—करवंदीचीं रोपें बियांपासून करणें हाच सोपा मार्ग. वैशाखांत पूर्ण काळीं झालेलीं टपोरीं फळें घ्यावीं. एका फळांत २ ते ८ चपट्या, तपकिरी बिया असतात. फळें कुसकरून गर व चीक पाण्यांत धुवून काढावा, बिया एक-दोन दिवस सावलींत सुकवाव्या, आणि लगेच पेराव्या. येथें उशीर करूं नये. या बियांची उगवणशक्ति फार दिवस टिकत नाहीं. पुढच्या वर्षासाठीं डब्यांत भरून ठेवलेल्या बिया म्हणजे श्रम फुकट. गादीवाफ्यावर अर्धा इंच खोल, चार-चार इंचांच्या अंतरानें ओळींत बिया टाकून वर वाळलेलें गवत पसरावें व झारीनें पाणी द्यावें. दोन-तीन आठवड्यांत बिया उगवतात. उगवल्यावर गवत काढावें. रोपें आरंभीं फार सावकाश वाढतात. त्यामुळें धीर सोडूं नये. चार-सहा पानें आल्यावर तीं पिशव्यांत लावून घ्यावीं, आणि पुढचा उन्हाळा विहिरीजवळ सावलींत काढून दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडीं शेतांत न्यावीं.

डोंगरांतील मोठीं झुडपें खणून आणण्याचा मोह कित्येकांस होतो. तसें करूं नये. त्यांचीं मुळें दगडांत खोल गेलेलीं असतात, तीं तुटतात, आणि शंभर झुडपें आणलीं तर दहाही जगत नाहींत असेंच बहुधा घडतें. शिवाय रानांतल्या त्या जाळ्यांवर कातकरी व ठाकर बायांची उन्हाळ्यांतली मिळकत अवलंबून असते. ती आपण बांधावर आणून मारण्यांत शहाणपण नाहीं.

बियांपासून केलेल्या झाडांचीं फळें एकसारखीं येत नाहींत; एकाचीं मोठीं तर दुसऱ्याचीं बारीक, एकाचीं गोड तर दुसऱ्याचीं आंबट. कुंपणाच्या कामांत याची अडचण नाहीं. पण ज्यास फळांचें उत्पन्न मुख्य करावयाचें असेल त्यानें चांगल्या फळांचें झाड हेरून पावसाळ्यांत त्यावर गुट्या बांधाव्या, किंवा सुधारलेल्या जातींचीं रोपें आणावीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' आणि पंतनगरच्या विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' व 'पंत सुवर्णा' या जाती प्रसिद्ध आहेत. साध्या छाटलेल्या फांदीला मुळें फुटणें कठीण असतें, म्हणून त्या वाटेस जाऊं नये.

लागवड.—चैत्र-वैशाखांत कुंपणाच्या रेषेवर २ फूट रुंद व दीड फूट खोल चर खणून उन्हांत तापूं द्यावा. मृगापूर्वीं चराची माती कुजलेल्या शेणखतांत मिसळून परत भरावी. जोराच्या पावसाच्या मुलखांत ही माती वितभर उंच राहील अशी भरावी, म्हणजे पाणी साचणार नाहीं; कमी पावसाच्या मुलखांत ती चार बोटें खालीं ठेवावी, म्हणजे पाणी मुरेल. रोपें एका ओळींत लावावयाचीं तर दोन-दोन फुटांवर लावावीं. जागा असल्यास दोन ओळी कराव्या. ओळींत दीड फूट व रोपांत तीन फूट अंतर ठेवावें, आणि एका ओळींतील रोप दुसऱ्या ओळींतील दोन रोपांच्या मधोमध येईल असें करावें. चौरस आकाराच्या एक एकर रानाचा घेर सुमारें ८३५ फूट भरतो. त्याला एका ओळीनें सुमारें ४२० आणि दोन ओळींनीं सुमारें ५६० रोपें लागतात. मरतुकीसाठीं दहांत एक याप्रमाणें जादा रोपें करून ठेवावीं व रिकाम्या जागा त्याच पावसाळ्यांत भराव्या.

कुंपण सामाईक बांधावर लावूं नये. आपल्या हद्दींत निदान तीन फूट आंत घ्यावें, किंवा शेजाऱ्याशीं बोलून दोघांच्या संमतीनें लावावें. रोप लावितांना जें बोलणें पांच मिनिटांत होतें, तेंच कुंपण वाढल्यावर करूं गेल्यास कोर्टाची पायरी दाखवितें.

आमची चूक.—आमचें पहिलें कुंपण फसलें, त्याची हकीकत येथें सांगणें उपयोगाचें होईल. रानाच्या पश्चिम बाजूला आम्हीं सरसकट एक ओळ लावली. त्या बाजूचा खालचा भाग सखल होता. तेथें श्रावणांत पाणी तुंबलें आणि तीं रोपें पिवळीं पडून मेलीं. वरच्या भागांतलीं रोपें कोंवळीं असतांच शेळ्यांनीं खुडलीं. कांटेरी झाडाला शेळी तोंड लावणार नाहीं, अशी आमची समजूत होती. पण कोंवळ्या शेंड्याचा कांटा मऊ असतो हें शेळीला आमच्याहून अधिक ठाऊक होतें. त्यांतूनही जीं वाचलीं तीं लवकर उंच व्हावीं म्हणून आम्हीं त्यांना कात्री लावली नाहीं. तीन वर्षांनीं कुंपण पुरुषभर उंच झालें, लांबून पाहणारे वाहवा करूं लागले, आणि एके दिवशीं दोन वासरें त्याच्या खालून आंत येऊन भुईमूग खातांना सांपडलीं. वर जाळी होती, पण खालीं नुसते बुंधे होते.

तेव्हां मन घट्ट करून सगळें कुंपण आम्हीं जमिनीपासून ९ इंचांवर कापलें. घरच्या माणसांनीं पुष्कळ बोल लावले. परंतु करवंदीला कापल्यावर बुडापासून फूट चांगली येते. दोन पावसाळ्यांत तेंच कुंपण जमिनीपासून कोंबडीही शिरणार नाहीं इतकें दाट भरलें. कुंपण शेंड्यानें वाढत नाहीं, बुडानें भरतें, हें तीन वर्षें घालवून आम्ही शिकलों. वाचकांना तें फुकट मिळावें.

छाटणी.—म्हणून पहिल्या तीन वर्षांत फळांचा विचारच मनांत आणूं नये. रोपें मूळ धरून उभीं राहिलीं कीं दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभीं तीं जमिनीपासून ९ इंचांवर कापावीं. नवे फुटवे हातभर झाले म्हणजे आश्विनांत ते दीड फुटावर सारखे करावे. यापुढें दर वर्षीं ज्येष्ठांत व आश्विनांत मिळून दोन छाटण्या द्याव्या आणि प्रत्येक छाटणीस कुंपण फक्त सहा ते नऊ इंच वर चढूं द्यावें. याप्रमाणें चार ते पांच फूट उंची आली म्हणजे पुरे. बाजू कापतांना तळ रुंद व माथा अरुंद ठेवावा. तळाला तीन फूट रुंदी असेल तर माथ्याला दीड ते दोन फूट असावी. माथा रुंद झाला तर त्याच्या सावलींत खालच्या फांद्या मरतात आणि पुन्हां वासरांना वाट होते.

चौथ्या वर्षापासून फळांचें धोरण ठेवावें. फुलें शेंड्यांवर येतात, हें वर सांगितलेंच आहे. आश्विनांत किंवा त्यानंतर कुंपण कापलें तर माघांत फुलणारे शेंडेच कापले जातात. कुंपण नीटनेटकें दिसतें, पण फळ येत नाहीं. म्हणून एकच छाटणी द्यावी, आणि ती फळें उतरल्यावर लगेच, ज्येष्ठाच्या अखेरीस किंवा आषाढांत. त्या वेळीं कापलेल्या फांद्यांना पावसांत नवी फूट येते, ती हिंवाळ्यापर्यंत जून होते आणि वेळेवर फुलते. ज्यास फळ नको, नुसती आड पाहिजे, त्यानें वाटेल तर दोनदां कापावें. कापतांना चीक हाताला व कात्रीला चिकटतो. दोहोंस आधीं थोडें गोडें तेल लावावें.

निगा.—पहिले दोन उन्हाळे कमी पावसाच्या भागांत १०-१५ दिवसांनीं पाणी द्यावें. पुढें बहुधा गरज पडत नाहीं. पहिलीं दोन-तीन वर्षें रोपांच्या बाहेरच्या बाजूस वाळल्या कांट्यांचा आडोसा अवश्य करावा. दर वर्षीं दिवाळीनंतर कुंपणाच्या दोन्ही अंगांचें गवत तीन-चार फुटांपर्यंत काढून टाकावें. करवंदीचें खरें वैर वणव्याशीं आहे, आणि वणवा गवतावरून येतो. वेली चढूं देऊं नयेत.

फळांचा उपयोग.—हिरवीं करवंदें लोणच्यास, चटणीस व सरबतास जातात. त्यांत आंबटपणा व पेक्टिन हें द्रव्य भरपूर असल्यामुळें पूर्ण पिकण्यापूर्वींच्या फळांची जेली उत्तम जमते. पिकलेलीं करवंदें दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाहींत, म्हणून ज्याचें गांव बाजारापासून दूर त्यानें हिरवीं फळें विकण्याकडेच लक्ष द्यावें. शहरांतील केकांवर व पानाच्या विड्यांत जी लाल 'चेरी' दिसते, ती पुष्कळदां साखरेच्या पाकांत मुरवून रंगविलेलें करवंदच असतें, हें फार थोड्या खाणारांस माहीत असतें. फळें तोडण्याचें काम कांट्यांमुळें सावकाश होतें व मजुरी त्यांतच अधिक जाते, हें मात्र हिशेबांत धरावें. कुंपणाचीं फळें हा वरकड लाभ समजावा. त्यावर घर चालविण्याचा बेत करूं नये.

मर्यादा.—करवंदीचे गुण सांगतांना तिला जें साधत नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. गुरें, शेळ्या व माणसें यांना दाट कुंपण पुरें पडतें. रानडुक्कर मात्र बुंध्याशीं फट शोधून तींतून मुसंडी मारतें. म्हणून डुकरांच्या वाटा जेथें आहेत तेथें दोन ओळी लावून बाहेर चर ठेवावा, आणि तरीही राखण सोडूं नये. वानरांस तर कोणतेंच कुंपण अडवीत नाहीं. तसेंच कुंपणालगतची तीन-चार फुटांची पट्टी सावलीमुळें व मुळांमुळें पिकाला कमी पडते. अगदीं लहान तुकड्यास हा तोटा जाणवतो.

या तोट्यावरही एक उपाय आहे, आणि तो आपल्या समाजाच्या सभासदांनीं विचारांत घ्यावा. एक एकर चौरस रानाचा घेर सुमारें ८३५ फूट, पण चार एकर चौरस रानाचा घेर सुमारें १,६७० फूट, म्हणजे चौपट नव्हे, दुप्पटच. चार शेजाऱ्यांनीं आपापला एक एक एकर वेगळा कुंपून घेतला तर ३,३४० फूट लागवड करावी लागते. चौघांनीं मिळून एकच कुंपण बाहेरून घातलें तर तिच्या निम्म्यांत काम होतें, आणि आंतली पट्टीही वांचते. चौघांचीं रोपें एका गादीवाफ्यावर होतात, एकाची शेळी सुटली तर चौघांचें लक्ष असतें, आणि चौथ्या वर्षीं फळें चौघांच्या मुलांना पुरून उरतात.

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां करवंदें काळीं होऊं लागलेलीं असतील. बाजारांतून दोन-तीन द्रोण घरीं आणावे, मुलांना गर खाऊं द्यावा, आणि बिया मात्र एका वाटींत जमा कराव्या. आज टाकलेल्या त्या बियांचीं रोपें पुढच्या आषाढांत बांधावर जातील, आणि त्यापुढच्या तीन वर्षांत आपण कात्री न विसरल्यास, राखणीच्या पुष्कळ रात्री तरी आपल्याला निजून काढतां येतील.